रुई आणि सरकी

मृग लागून चार दिवस झाले होते, पाऊस मात्र माणिकगडच्या डोंगरापलीकडेच अडून बसला होता. गडचांदूरच्या मुख्य रस्त्यावरच्या एका कृषी सेवा केंद्रासमोर सकाळी साडेनऊलाच पंचवीस-तीस माणसं उभी होती. डोक्याला दुपट्टे, हातात आधार कार्डाच्या झेरॉक्स. रस्त्यावरून सिमेंटचे ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकमागे उठणारी धूळ रांगेवर बसत होती. इथली जमीन काळी, कापसाची. त्या काळीखाली चुनखडीचा थर. वरचा थर शेतकऱ्याचा, खालचा कारखान्याचा, असं या गावाचं गेल्या चाळीसेक वर्षांतलं जगणं.

रांगेत साठीची एक बाई होती. तिने कपाशीची दोन पाकिटं घेतली आणि पैसे देण्याआधी त्यातलं एक कानाशी धरून हलवलं. नारळ घेताना आपण पाणी ऐकतो, तसं.

"आवाज तं भरल्यावानी येते," ती म्हणाली. "अंदर काय हाय, ते उगवल्यावरच समजन."

पाकीट पावणेपाचशे ग्रॅमचं. आत औषध लावलेलं रंगीत बी. ते घरी ठेवून पुढच्या वर्षी पेरायचं नसतं, हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक. मी तिला विचारलं, "आधी बी कुठून आणायच्या, मावशी?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आणाचं कायले? घरीच राहे ना. सरकी का इकत घ्याची वस्तू होती?"

या अंकासाठी संपादकांनी मला ‘घरचं’ एवढा एकच शब्द दिला होता. त्या सुमारास मी दोनशे वर्षांपूर्वीची काही अमेरिकी पत्रं वाचत होते. घरी विणलेलं कापड, मेंढ्यांची लोकर, टपालाने पाठवलेलं बी, असा त्यांतला मजकूर. वाचताना सारखं वाटत होतं की हे सगळं मी आपल्याकडे कुठेतरी पाहिलेलं आहे. म्हणून जूनमध्ये गडचांदूरला गेले आणि श्रावणात पुन्हा निघून मूल, सावली, आरमोरी, नागभीड असा फेरा केला. सोबत ती पत्रं होती.

एक पुडकं आणि एक गैरसमज

१ जानेवारी १८१२ रोजी जॉन अॅडम्स यांनी थॉमस जेफरसन यांना पत्र लिहिलं. अॅडम्स अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष, जेफरसन तिसरे. स्वातंत्र्यलढ्यात खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले हे दोघे १८०० च्या निवडणुकीनंतर एकमेकांशी बोलेनासे झाले होते. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी दोघांची मनं वळवली, तेव्हा कुठे अॅडम्स यांनी लेखणी उचलली. तुम्ही देशी उद्योगांचे पाठीराखे आहात, म्हणून आमच्या भागात नुकतेच तयार झालेले हातसुताचे दोन नग टपालाने पाठवतो आहे, असं त्यांनी कळवलं.

पत्र पोचलं, पुडकं मागे राहिलं. ‘हातसूत’ हा शब्द वाचून जेफरसन खुलले आणि २१ जानेवारीला त्यांनी व्हर्जिनियातल्या घरगुती कापडाविषयी भरभरून लिहिलं. दोन दिवसांनी त्यांना पुन्हा पत्र लिहावं लागलं, कारण तोवर पुडकं हाती आलं होतं. त्यात अॅडम्स यांचे चिरंजीव जॉन क्विन्सी अॅडम्स यांच्या वक्तृत्वावरील व्याख्यानांचे दोन खंड होते. बापाने लेकाच्या पुस्तकांना कौतुकाने घरचं कापड म्हटलं होतं.

या गैरसमजाचे आपण आभार मानायला हवेत. त्यामुळेच त्या काळच्या घरगुती उत्पादनाचं एक जिवंत वर्णन कागदावर उतरलं. जेफरसन लिहितात की आमच्याकडे प्रत्येक कुटुंब हाच एक कारखाना आहे. जाडंभरडं आणि मध्यम प्रतीचं कापड घरीच होतं. कापूस, भांगेचा वाख, जवस घरचंच. त्याच्या जोडीला घरात जितकी माणसं तितक्या मेंढ्या असल्या की अंगभर कपडा मिळतो. तलम कापड लागलंच, तर ते उत्तरेकडच्या तुमच्या राज्यांकडून घेऊ.

यामागे गरज होती. १८०७ च्या कायद्याने अमेरिकेने परदेशाशी चालणारा आपला सागरी व्यापार स्वतःच बंद केला होता आणि १८१२ च्या जूनमध्ये इंग्लंडशी युद्धच जुंपलं. पण घरच्या कापडाला त्याआधीपासून मान होता. ३० एप्रिल १७८९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली, ती हार्टफर्डला विणलेल्या देशी कापडाचा पोशाख घालून. आपल्याकडे लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये लिहिलेल्या शतपत्रांत देशी माल वापरण्याचा आग्रह धरला. पुढे सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबारात हातसुताचे कपडे घालून गेले. वॉशिंग्टनचा तो पोशाख आणि काकांचे हे कपडे यांचं म्हणणं एकच होतं.

एका बोंडाचे दोन भाग

गडचांदूरची ती मावशी मला तिच्या घरी घेऊन गेली. जिवतीकडे चढणाऱ्या घाटाखाली तिचं गाव. चुलीवरच्या आढ्याला मक्याची कणसं सालीसकट लटकवलेली, धुराने काळी पडलेली. कोनाड्यात लहान मडकी, तोंडं शेणाने लिंपलेली. तिने एकेक उघडून दाखवलं. राखेत घोळलेली बरबटी, वाल, दोडक्याच्या आणि लाल भोपळ्याच्या बिया, गाडग्यात तूर.

"हे बरबटी माह्या मायच्या घरची. दोडकं वणीच्या नंदेनं देल्लं, लगनाच्या साली. हे तूर शेजारच्या बुढीची. बुढी गेली, तूर हाय."

प्रत्येक मडक्याला देणारीचं नाव होतं. कुठे लिहिलेलं नाही, पण तिला पाठ. कपाशीचं मडकं मात्र नव्हतं. "सासूच्या टायमाले होतं," ती म्हणाली. सासू सरकी शेणकाल्यात घोळायची, राख लावून खाटेच्या विणीवर चोळायची. मग एकमेकींना चिकटलेल्या लोवदार बिया सुट्या व्हायच्या आणि तिफणीमागच्या सरत्यातून नीट पडायच्या.

मग कपाशीचंच बी घरातून का गेलं? शहरातला माणूस पटकन उत्तर देतो, संकरित बियाणं आलं म्हणून. ते खरं आहे, पण अर्धंच. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, ‘एच-४’, गुजरातेत सुरत इथे डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये दिला. संकराचं बी पुन्हा पेरलं की पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून दरवर्षी नवं बी घ्यावं लागतं. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, तीही संकरित वाणांच्याच रूपात. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात कापसाचे सरळ वाण पेरतात. आपण मात्र जवळजवळ सगळा कापूस संकरित लावतो.

पण सरकी घराबाहेर पडायला त्याच्या शंभर वर्षं आधी सुरुवात झाली होती. ते समजायला बोंड हातात घ्यायला हवं. बोंडात दोन गोष्टी असतात, रुई आणि सरकी. रुईचं सूत होतं, सरकीचं झाड होतं. दोन लाटांमधून कापूस ओढून सरकी वेगळी करण्याचं साधं यंत्र घरात असायचं आणि ते बायका फिरवायच्या. रुई कातायला जायची. सरकी घरीच उरायची, थोडी गाईला, थोडी बियाला. कोणत्या झाडाचा कापूस चांगला, हे वेचणाऱ्या हातांनाच ठाऊक असे आणि बी निवडणारे हातही तेच असत.

सरकी काढायच्या या कामाने जेफरसन यांनाही छळलं होतं. १७९३ च्या नोव्हेंबरात ते परराष्ट्रमंत्री होते आणि पेटंटं त्यांच्याकडे येत. एली व्हिटनी नावाच्या तरुणाने सरकी काढण्याच्या यंत्रासाठी अर्ज केला, तेव्हा त्यांनी उलट पत्र पाठवून विचारलं की यंत्र दिवसाला किती कापूस साफ करतं, माणसं किती लागतात, खर्च किती येतो? आमच्या घरगुती कापडात हीच मोठी अडचण आहे, असंही त्यांनी कळवलं. हे पत्र घरच्या कापडासाठी होतं. यंत्राने मात्र उलटंच घडवलं. कापूस घराचा न राहता बाजाराचा झाला आणि अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाचे मळे वाढले, तशी गुलामीही वाढली.

त्या मळ्यांचा धागा थेट आपल्या वऱ्हाड-नागपूरपर्यंत येतो. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने दहा अमेरिकी मळेवाल्यांना बी आणि यंत्रं घेऊन हिंदुस्थानात आणलं. बहुतेक प्रयोग फसले. धारवाडकडे तेवढा अमेरिकी वाण रुजला. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि सगळ्यांच्या नजरा हिंगणघाटकडे वळल्या. तिथला ‘बनी’ हा देशी कापूस लांब आणि मऊ धाग्यासाठी नावाजलेला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त नेमले गेले, रेल्वे आली, वाफेवरचे जिनिंग कारखाने आले.

इथेच खरी गाठ आहे. शेतकरी आता कापूस सरकीसकट विकू लागला. कारखान्यात दहा गावांचा कापूस एका ढिगात पडला, सरकीही एका ढिगात पडली आणि पेरणीच्या वेळी शेतकरी तीच मिसळलेली सरकी घेऊन जाऊ लागला. बनीच्या शुद्ध बियात ‘जरी’ नावाचा आखूड धाग्याचा, पण रुई जास्त देणारा कापूस मिसळत गेला. व्यापाऱ्याला वजन हवं होतं, तेव्हा जरी टिकली आणि बनी मागे पडत गेली. कुणी बंदी घातली नव्हती. कातण्याचं काम घरातून गेलं, त्याच्यापाठोपाठ बी निवडण्याचंही गेलं, कारण दोन्ही एकाच बोंडात होतं.

माणशी एक मेंढी

श्रावणात मूल तालुक्यातल्या एका गावी गेले, तेव्हा पाऊस धरून होता आणि कुरमार समाजाचे एक आजोबा पडवीत खड्ड्याच्या मागावर बसले होते. चंद्रपूर-गडचिरोलीतले कुरमार म्हणजे मेंढ्या राखणारे आणि घोंगड्या विणणारे लोक. लोकर दख्खनी मेंढीची, काळी, राठ. रंग द्यावा लागत नाही.

आजोबांनी कामाचा क्रम सांगितला. वर्षातून दोनदा कातरणी. मग लोकर धुणं, निवडणं, धनुकलीने पिंजणं. कातणं बायकांचं. ताणा लावला की त्याला खळ द्यायची, तीही चिंचोक्याची. चिंचोके भाजून, सोलून, भिजवून, कुटून शिजवायचे आणि ती लापशी कुंच्याने धाग्याला पाजायची. खळ वाळली की धागा तारेसारखा ताठ होतो.

"टोचते म्हणून कोणी घेत नाई आता," ते म्हणाले. "पन पावसात पांघरून पाहा. पानी वरच्या वर घसरते."

मेंढी घोंगडीपुरती नसते. रोवणीआधी शेतकरी आपल्या शेतात कळप बसवतो, लेंडीखत घेतो आणि त्याबद्दल मेंढपाळाला धान्य किंवा पैसे देतो. एका जनावरातून पांघरूण आणि खत दोन्ही निघतं.

जेफरसन यांचा हिशेब मी आजोबांना सांगितला, माणशी एक मेंढी. त्यांनी मान हलवली. इथल्या मेंढीची लोकर थोडी; एका घोंगडीला पुष्कळ मेंढ्या कातराव्या लागतात. जेफरसन यांनाही हे कळत होतं, म्हणून त्यांचा डोळा स्पेनच्या मेरिनो मेंढीवर होता. तिची लोकर रेशमासारखी आणि भरपूर. स्पेनने ती शतकानुशतकं सहजासहजी देशाबाहेर जाऊ दिली नव्हती. नेपोलियनच्या स्वारीने तिथली घडी विस्कटली, तेव्हा लिस्बनमधले अमेरिकेचे वाणिज्यदूत विल्यम जार्विस यांनी हजारो मेरिनो बोटींवर चढवल्या. अमेरिकेत भाव इतके चढले की एकेक एडका हजार डॉलरच्या घरात गेला. अशा वेळी, १३ मे १८१० रोजी, जेफरसन यांनी राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांना लिहिलं की यात आपण नफा घेऊ नये. शुद्ध जातीची पैदास करून व्हर्जिनियाच्या प्रत्येक काउंटीला एकेक एडका फुकट द्यावा.

हे वाचून मन भरून येतं. पण त्याच माणसाच्या घरातलं दुसरं चित्र झाकून ठेवता येत नाही. माँटिसेलो या त्यांच्या मळ्यावर सूत कातणाऱ्या आणि माग चालवणाऱ्या बहुतेक गुलाम बायका आणि मुली होत्या. दहा वर्षांच्या मुलीला चरख्यावर बसवायचं, मुलाला खिळे करायला लावायचं, अशी जेफरसन यांची लेखी व्यवस्था होती. त्यांच्या शेतवहीत या माणसांची नावं आहेत, पण ती मालमत्तेच्या यादीत. प्रत्येक घर हा कारखाना, असं लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या कारखान्यात मजुरी नव्हती. घरचं कापड म्हटलं की मी आता आधी हे विचारते, कातणाऱ्या हाताला काय मिळालं?

सावलीचा आठवडा

हाच प्रश्न चंद्रपूर जिल्ह्यात, मूलपासून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या सावली गावात विचारला गेला. १९३६ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चच्या पहिल्या दिवसांत गांधी सेवा संघाची बैठक इथे भरली. गांधीजी आठवडाभर इथे होते. खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शनही भरलं होतं. झाडीपट्टीतलं हे आडबाजूचं गाव. पण या भागात विणकर होते, कातणाऱ्या बाया होत्या, म्हणून खादीचं काम इथे रुजलं होतं.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, चरखा संघाने एक मोठा निर्णय घेतला होता. तोवर खादी स्वस्त ठेवण्यासाठी कातणाऱ्या बाईची मजुरी अगदी कमी ठेवली जाई. गांधीजींनी आग्रह धरला की तिला पोटभर मजुरी मिळालीच पाहिजे, खादी महाग झाली तरी चालेल. विक्री बसेल अशी भीती कार्यकर्त्यांना होती. तरीही धोरण बदललं. माँटिसेलोच्या शेतवहीला मिळालेलं हे आपल्या मातीतलं उत्तर आहे, असं मला वाटतं.

सावलीत आज तुम्ही गेलात तर धानाच्या बांध्या दिसतील, बाजार दिसेल. कापसाचं बी मात्र त्या खादीच्या लाटेतही घराघरांत पुरतं परतलं नाही. चरख्यासाठी पेळू बाहेरून आले की सरकीशी पुन्हा संबंध उरत नाही. विनोबांनी कापूस वेचण्यापासून कापडापर्यंतची सगळी कामं एका हाताखाली यावीत, असा आग्रह का धरला होता, ते सावलीत उभं राहिल्यावर कळलं.

ऐनाच्या झाडावर

आरमोरीकडच्या जंगलात ऐनाच्या झाडांखाली ढिवर समाजाचे लोक गोफण घेऊन उभे असतात. वर पानांत हिरव्या, जाड अळ्या. टसर रेशमाच्या. पाखरांनी त्या उचलू नयेत म्हणून दिवसभर राखण. एका झाडाचा पाला संपला की फांदी कापून अळ्यांसकट दुसऱ्या झाडावर न्यायची. ढिवर मूळचे मासेमार. पावसाळ्यात तळं आणि ऐन, दोन्हीकडे त्यांचं लक्ष.

बोंडाची गोष्ट इथे कोषात दिसते. धागा हवा तर कोष उकळावा लागतो आणि आतला जीव मरतो. बी हवं तर कोष जिवंत ठेवावा लागतो. मग पतंग कोष फोडून बाहेर येतो आणि धाग्याची किंमत उतरते. म्हणून चांगले कोष निवडून बियासाठी बाजूला काढतात, त्यांच्या माळा करून टांगतात. मादीने अंडी घातली की तिला सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, कारण पेब्रिन हा रोग आईकडून अंड्यात उतरतो. निरोगी अंडीपुंजच पुढे जातात.

"समदे कोष विकले तं पुढच्या साली झाड रिकामं," एक तरुण मला म्हणाला. त्याच्या घरात धागा आणि बी दोन्हींचा विचार अजून एकत्र होतो. नागभीडच्या विणकरांच्या मागावर चढणारं टसर अशाच घरांतून येतं.

खिशातला भात, पिशवीतली लोंबी

१७८७ च्या एप्रिलमध्ये जेफरसन आल्प्स ओलांडून इटलीत उतरले. पॅरिसच्या बाजारात इटलीचा तांदूळ अमेरिकेच्या तांदळापेक्षा का चढतो, याचा त्यांना शोध घ्यायचा होता. त्यांना वाटत होतं, सडण्याचं यंत्र वेगळं असेल. पिडमाँटमध्ये कळलं की यंत्र तेच आहे, वाण वेगळा आहे. ते धान देशाबाहेर नेणाऱ्याला देहदंड होता. त्यांनी कोटाच्या खिशांत मावेल तितकं भरलं आणि दक्षिण कॅरोलिनाला पाठवून दिलं. १७९० मध्ये त्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून कोरडवाहू धानाचं पिंप मागवून वाटलं. साचलेल्या पाण्यातली शेती माणसांना तापाने मारते, ही त्यांची चिंता होती. पुढे आपल्या सेवेचा हिशेब मांडताना त्यांनी देशाच्या शेतीत एका उपयुक्त झाडाची भर घालणं ही सर्वांत मोठी सेवा मानली.

नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावात हीच सेवा घडली, कोटाच्या खिशाशिवाय.

दादाजी रामाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, दीडेक एकरावर राबणारे शेतकरी. १९८३ मध्ये पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर झाक असलेल्या. त्या त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या. पुढच्या हंगामात बांधीच्या मध्यभागी लावल्या, भोवती काट्याकुट्यांचं कुंपण केलं. असं सलग काही वर्षं निवडत गेले. दाणा बारीक, शिजल्यावर चवदार. १९९० च्या सुमारास एका मोठ्या शेतकऱ्याने त्यांच्याकडून बी घेऊन चार एकरांत लावलं. पीक उत्तम आलं. ते तळोधीच्या बाजारात गेलं, तेव्हा व्यापाऱ्याने नाव विचारलं. नाव नव्हतं. त्या काळी एचएमटीच्या घड्याळांची चलती होती. धानाचं नाव पडलं, एचएमटी.

हे धानातच का घडू शकलं, कपाशीत का नाही? धान स्वतःच्याच फुलात फळतं. वेगळी लोंबी निवडून लावली की पुढची पिढी बरीचशी तशीच येते. आणि दुसरं कारण या लेखाच्या गाभ्याचं आहे. धान इथे घरी खाल्लं जातं. बाई सडते, रांधते, चव सांगते. ढोलीत बी वेगळं काढते. ज्या पिकाचं काम घरात चालतं, त्याच्यावर घराची नजर राहते. दादाजींची नजर त्या नजरेतूनच आली होती.

१९९४ मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने त्यांच्याकडून पाच किलो बी प्रयोगासाठी नेलं. १९९८ मध्ये पंजाबराव कृषी विद्यापीठाचा ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा वाण प्रसारित झाला. नावात विद्यापीठ होतं, घड्याळ होतं, दादाजी नव्हते. २००५ मध्ये नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती कलामांच्या हस्ते मिळाला, २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ मासिकाने त्यांची दखल घेतली. तोवर ते एचएमटीवर न थांबता डीआरके, नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा असे आणखी वाण काढून बसले होते. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेव्हा घरात पैसा नव्हता. त्यांचा तांदूळ मात्र विदर्भाबाहेर मध्य प्रदेश, छत्तीसगड, आंध्रपर्यंत पोचला होता.

रोवणीच्या दिवसांत मी त्या भागात होते. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायांना विचारलं, कोणतं धान? "एचएमटी." कोणी काढलं? एकीने कंबर सरळ केली, ओल्या हाताने पूर्वेकडे खूण केली. "दादाजीनं. आमच्याच इकडचा माणूस." गावकुसाजवळ नाव जिवंत आहे. पिशवीवर नाही.

बियासोबत चिठ्ठी

जेफरसन यांचं बी पत्रासोबत गेलं. म्हणून दोनशे वर्षांनी आपल्याला कळतं की पिंप कुठून आलं, कुणाला दिलं, मेंढी कुणी पाठवली. आपल्याकडे बी पदरातून, ओटीतून, लग्नाच्या शिदोरीतून गेलं. माडिया गोंडांचा बीज पंडुम पेरणीआधी सगळ्या गावाचं बी एकत्र आणतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी घरातच बियाण्यांची बँक उभी केली. देणं-घेणं आपण कधी थांबवलं नाही. लिहून ठेवणं तेवढं राहून गेलं आणि त्यात दादाजींसारख्यांचं नाव गळालं.

आता कायदा शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला. एवढंच की संरक्षित वाणाचं बी त्याच्या ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. स्वतः निवडलेला वाण शेतकरी स्वतःच्या नावाने नोंदवू शकतो. दादाजींनी पाच किलो बी दिलं, तेव्हा हा कायदा नव्हता. आज आहे. पण नोंद करायची तर बी कुठून आलं, कुणी कधी निवडलं, हे सांगता यावं लागतं.

गडचांदूरहून निघताना मावशीने मला मूठभर बरबटी दिली. मी वहीचं पान फाडलं आणि तिला सांगायला लावलं. तिने सांगितलं ते तसंच लिहिलं: कुणाच्या मायची, कोणत्या गावची, साधारण किती वर्षांची, पेरायची केव्हा. पान घडी करून बियात ठेवलं. तिला ते फार आवडलं. "मंग ते वणीचं दोडकंबी लिहून ठेव," म्हणाली. त्या दुपारी आम्ही सात चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येक मडक्यात एक.

या दिवाळीला गावी जाल, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी वही घेऊन बसा. घरात जे बी उरलं असेल त्याची नोंद करा: देणाऱ्याचं नाव, गाव, साल. त्यातलं मूठभर दोन घरांना द्या आणि चिठ्ठी सोबत जाऊ द्या. पाकिटातलं बी विकत घ्यावं लागेल, ते घ्या. पण एक तरी मडकं असं असू द्या, ज्यातलं बी तुम्हाला कुणी दिलं आणि तुम्ही कुणाला दिलं, हे तुमच्या नातवाला वाचता येईल.